अमळनेरच्या आप्पांना जाहीर पत्र

ती. आप्पांना सा. न.

वरातीतल्या बॅन्जो पार्ट्या तुमच्याकडे का गर्दी करतात, ते आता कळलं. बॅन्जो म्हणजे तरी काय, पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारं चुंबक आणि कॉइल, लावलेलं बुलबुलतरंगच. त्याची घरघर काढण्यात तुमचं आयुष्य गेलं, म्हणून माझी सतत गुणगुणणारी इलेक्ट्रिक गिटार पाहून तुम्ही बिचकला नाहीत. त्याआधी एका दुकानात "तिन्ही पिकअप गेले, नवा सेट टाका" असं ऐकून मी पैसे जमवायला लागलो होतो.

तुम्ही स्क्रू ड्रायव्हरला हात न लावता आधी विचारलंत, "तारांवर हात ठेवला की गुणगुण कमी होते का?" होत नव्हती. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचा पिकअप आसपासच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण उचलणारच, त्यात आपलं अंगही अँटेनासारखं वागतं. ब्रिज, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती धातूची पट्टी, ग्राउंडला (सर्किटच्या शून्य बाजूला) जोडलेला असेल तर तारांना हात लावताच आवाज बसतो, आणि उलट वाढला तर जॅकच्या (केबल खुपसायच्या भोकाच्या) दोन वायरी अदलाबदल झाल्यात का ते बघायचं. ही परीक्षा फुकट आहे आणि कुणीही घरी करू शकतो, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

मग मीटर. एक टोक ब्रिजला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या कडीला. बीप आली नाही, म्हणजे जोड तुटलेला. मागचं झाकण काढलं तर स्प्रिंगच्या पट्टीवरची ग्राउंड वायर दिसायला चिकटलेली, पण ड्राय सोल्डर, म्हणजे आतून जोड नाहीच. पट्टी जाड असल्याने लहान सोल्डरिंग आयर्न तिला तापवूच शकत नाही. तुम्ही पॉलिश पेपरने घासून मोठ्या आयर्नने डाग दिलात. पिकअप एकेक मोजले, प्रत्येक सहा हजार ओहमच्या आसपास. म्हणजे एकही मेलेला नव्हता! "पयले मोजी ले, मंग पैसा खर्च कर," हे तुमचं वाक्य त्या दुकानदाराच्या काउंटरवर चिकटवावंसं वाटतं.

खरी गंमत मधल्या पिकअपची. तो शेजारच्याबरोबर लावला की आवाज पत्र्यासारखा पातळ आणि घरघर मात्र दुप्पट. माझ्याआधी कुणीतरी तो बदललेला होता. तुम्ही काट्याचा जुना मीटर लावून पिकअपच्या खिळ्यांवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून उचललात. दोन पिकअपना काटा उजवीकडे गेला, मधल्याला डावीकडे. बऱ्याच गिटारींत मधल्याचं वाइंडिंग (तारेच्या गुंडाळीची दिशा) आणि चुंबक दोन्ही इतरांच्या उलट असतात, म्हणून नीट जोडला तर जोडीत सूर एकत्र येतात आणि घरघर एकमेकींना खाते. वायरी फिरल्या की नेमकं उलट. दोन वायरींची अदलाबदल केलीत, तोंडातला विडा न काढता म्हणालात, "आते देख." एकट्या पिकअपवर थोडी गुणगुण उरली. ती सिंगल कॉइलची जातच आहे, हेही तुम्ही लपवलं नाहीत.

मात्र सगळ्यात मोठे आभार शेवटच्या प्रश्नासाठी. "माइकला ओठ लागला की झिणझिण्या येतात का?" येत होत्या. "आता तारा थेट अँपच्या बॉडीला जोडल्या गेल्या, तुझा हात त्यांच्यावर, आणि घरची अर्थिंग धड नाही," म्हणालात, आणि मला घरी काय तपासायचं ते सांगितलंत. घरघर थांबावी म्हणून तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापायची युक्ती गावोगाव चालते. तुम्ही तिचं नाव काढताच चिडलात ते बरोबरच होतं. वायरमनने पाहिलं तर बोर्डातली हिरवी वायर कुठेच जोडलेली नव्हती. आता नवा अर्थिंगचा खड्डा झालाय. मे महिन्यात आपली काळी जमीन भेगाळते तेव्हा त्यात पाणी ओतायचं काम आईने स्वतःकडे घेतलंय.

मजुरी तुम्ही बॅन्जोवाल्यांइतकीच घेतलीत, यावर माझी तक्रार आहे. लगीनसराई आटोपली की टोनच्या पॉटची, म्हणजे आवाजाचा पोत बदलायच्या बटणाची, खरखर घेऊन येतो, तेव्हा बोलू.

तुमचा,
गिटारवाला पोऱ्या