ब्रँडचे नाव नोंदवताना अर्ज कुठे अडतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या उद्योजकांसाठी वृत्तपत्रांत जो मजकूर येतो, त्यात ट्रेडमार्क नोंदणी बहुधा चार ओळींत उरकलेली असते: पोर्टलवर खाते उघडा, अर्ज भरा, शुल्क भरा आणि नावापुढे 'टीएम' लावा. यातले काही खोटे नाही. पण हे सगळे तासाभरात होते आणि अर्ज अडतो तो दुसरीकडेच: नावाच्या निवडीत, माल-सेवांच्या वर्गात आणि 'वापर केव्हापासून' या एका रकान्यात. त्याबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहे.

आधी नाव. ट्रेडमार्क कायदा, 1999 च्या कलम 9 नुसार मालाचा प्रकार, दर्जा, उपयोग किंवा उगमस्थान सांगणारा शब्द सहसा एकाच्या मालकीचा होत नाही, कारण त्या धंद्यातल्या प्रत्येकाला तो लागतो. साबणासाठी 'सुवास' मागितले तर हरकत ठरलेलीच. तोच शब्द नटबोल्टसाठी मागितला तर निदान या कलमाची आडकाठी येत नाही, कारण नटबोल्टचा वासाशी संबंध नाही. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त घातल्याने काही साधत नाही, उच्चार तोच राहतो. शब्द मराठी आहे म्हणून परीक्षकाच्या नजरेतून सुटेल, ही आशाही फोल आहे. देवनागरी शब्दाचे रोमन लिप्यंतर आणि अर्थ अर्जातच द्यावा. बहुतेक मालकांना नेमके असेच वर्णन करणारे नाव आवडते, कारण गिऱ्हाइकाला माल काय आहे ते लगेच कळते. पण जाहिरातीला जे नाव सोपे, तेच नोंदणीला कठीण. 'कोडॅक'सारखा कुठल्याच भाषेत अर्थ नसलेला, घडवलेला शब्द सुरुवातीला रुजवायला खर्चिक पडतो, पण कायद्यात सर्वांत भक्कम ठरतो.

वर्णन करणारे नाव दीर्घ वापराने ओळखीचे झाले असेल तर कायदा त्याला वाट देतो. मात्र ती ओळख अर्जाच्या तारखेपूर्वीच झालेली असली पाहिजे. तिचा पुरावा म्हणजे वर्षवार विक्रीचे आकडे, बिले आणि जाहिरातींचा खर्च. धार्मिक नावांबाबतही सावध राहावे. अगरबत्तीसाठी 'रामायण' या शब्दावर एकाचीच मक्तेदारी मान्य करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केले आहे.

नाव सुचले की शोध घ्यायचा. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या, म्हणजे नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो फुकट घेता येतो, पण बहुतेक जण हुबेहूब शब्द टाकतात, काही सापडत नाही आणि खूश होतात. शब्दशोधाबरोबर उच्चारशोधही (सारख्या उच्चाराच्या नावांचा शोध) करावा, नावाचा मुख्य भाग तेवढाच टाकून पाहावा आणि जवळचे वर्गही तपासावेत. दोन नावे शेजारीशेजारी ठेवून त्यांतले फरक मोजायचे नसतात. साधारण बुद्धीच्या, अर्धवट आठवण असलेल्या गिऱ्हाइकाचा घोटाळा होईल का, एवढेच पाहायचे. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने याच कसोटीवर दोन्ही नावांत फसगत होण्याइतके साम्य असल्याचे म्हटले होते. 'ग्लुकोव्हिटा' आणि 'ग्लुव्हिटा' यांच्या प्रकरणात तर एकीकडे ग्लुकोजची पावडर होती आणि दुसरीकडे बिस्किटे, तरीही 'ग्लुव्हिटा'ला नोंदणी मिळाली नाही. आमचा माल वेगळा, हा युक्तिवाद दरवेळी चालत नाही तो असा.

आता एक पळवाट, जिची भुरळ फार पडते. नाव कमकुवत असले की सल्लागार सांगतो, 'नुसता शब्द नको, लोगो टाकू.' रंगीत चित्र, वेलबुट्टी आणि वळणदार अक्षरे असा अर्ज बऱ्याचदा सुटतो आणि प्रमाणपत्र भिंतीवर लागते. पण कलम 17 नुसार हक्क मिळतो तो त्या संपूर्ण रचनेवर. तिच्यातला वेगळा न नोंदवलेला किंवा सर्वसामान्य वापरातला भाग आपला होत नाही. उद्या दुसऱ्याने तोच कमकुवत शब्द वेगळ्या चित्रासह वापरला, तर या प्रमाणपत्राच्या जोरावर त्याला रोखणे अवघड. शिवाय दोन वर्षांनी लोगो बदलला की नोंदवलेले चिन्ह एक आणि वापरातले भलतेच. पैसे एकाच अर्जापुरते असतील आणि शब्दात दम असेल, तर साध्या अक्षरांतला शब्द आधी नोंदवावा, लोगो मागाहून. लोगो बाहेरच्या चित्रकाराकडून करून घेतला असेल, तर त्याचे कॉपीराइट आपल्याकडे आल्याचे लेखी घ्यावे. मोबदला दिला म्हणजे झाले, असे नसते.

मालाचे 1 ते 34 आणि सेवांचे 35 ते 45 असे एकूण 45 वर्ग आहेत. सौंदर्यप्रसाधने वर्ग 3 मध्ये येतात, औषधी मलम 5 मध्ये, तयार कपडे 25 मध्ये, पण कपड्यांच्या दुकानाची सेवा 35 मध्ये. मोबाइल अॅप 9 मध्ये जाते, तर सॉफ्टवेअर बनवून देण्याची सेवा 42 मध्ये. अर्जात न लिहिलेला माल पुढे दुरुस्ती करून घुसवता येत नाही, त्यासाठी नवा अर्ज आणि नवी तारीख. शुल्क वर्गागणिक आहे: टीएम-ए हा नोंदणीचा अर्ज ऑनलाइन भरल्यास व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना 4,500 रुपये, इतरांना 9,000. लघुउद्योगाची सवलत हवी तर उद्यम प्रमाणपत्र जोडावे. अनेक वर्ग एकाच अर्जात घालता येतात, पण एका वर्गावर हरकत आली की अर्ज विभागून घेईपर्यंत बाकीचे वर्गही खोळंबतात.

अर्जदार म्हणून कोणाचे नाव द्यायचे, हेही आधीच ठरवावे. माल कंपनीचा, अर्ज एका संचालकाच्या नावावर आणि बिले तिसऱ्याच फर्मची, असा प्रकार सर्रास दिसतो. भागीदारी मोडली की त्याचे परिणाम कळतात.

सर्वांत नाजूक रकाना वापराचा. नाव अजून वापरले नसेल तर 'वापरण्याचा विचार आहे' असे सरळ लिहावे, त्यात काही कमीपणा नाही. पूर्वीपासूनचा वापर सांगायचा असेल तर प्रतिज्ञापत्र आणि पुरावे लागतात. इथे तारीख मागे ओढण्याचा मोह होतो, कारण आपल्याकडे नुसत्या नोंदणीपेक्षा आधीच्या वापराला वजन आहे. कलम 34 आधीपासून वापरणाऱ्याला नोंदणीधारकापासूनही संरक्षण देते. पण बनावट बिल स्वतःच बोलते. 2015 ची तारीख आणि वर छापलेला जीएसटी क्रमांक, असे बिल जोडले तर विरोधकाला वेगळे काही शोधावे लागत नाही, कारण जीएसटी 1 जुलै 2017 रोजी आला. मग खरी बिलेही संशयाच्या फेऱ्यात येतात.

अर्जानंतर रजिस्ट्रीच्या परीक्षकाचा हरकती मांडणारा परीक्षण अहवाल येतो आणि मिळाल्यापासून एका महिन्यात त्याला उत्तर द्यावे लागते. अहवाल ई-मेलने येतो. अर्जात फक्त एजंटचा पत्ता असेल आणि एजंट बदलला असेल, तर महिना कधी संपला ते मालकाला कळतही नाही. स्वतः अर्ज क्रमांक टाकून स्थिती पाहत राहणे हाच त्यावर उपाय. उत्तरात 'आमचे नाव वेगळे आहे' एवढे लिहून भागत नाही. अहवालात दाखवलेल्या प्रत्येक चिन्हाशी उच्चार, माल आणि गिऱ्हाईक यांची तुलना करावी लागते.

अर्ज स्वीकारला गेला की तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापला जातो आणि पुढचे चार महिने कोणीही विरोध नोंदवू शकतो. स्थितीत 'ऑब्जेक्टेड' दिसले तर हरकत रजिस्ट्रीची, 'ऑपोज्ड' दिसले तर विरोध तिसऱ्याचा. दोन्हींची उत्तरे पूर्ण वेगळी असतात. विरोधाची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत प्रतिनिवेदन (विरोधाला लेखी उत्तर) दाखल केले नाही, तर अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. इतरांना विरोध करायचा असेल तरीही हेच चार महिने, त्यामुळे नोंदणी झालेल्यांनीही जर्नलवर नजर ठेवावी.

वर्तुळातला 'आर' प्रमाणपत्र मिळाल्यावरच आणि नोंदवलेल्या मालावरच लावायचा. त्याआधी लावणे कायद्याला मान्य नाही. 'टीएम' कधीही लावता येतो, पण त्यातून नोंदणीचा हक्क निर्माण होत नाही. कंपनीची नोंदणी, संकेतस्थळाचे नाव किंवा जीएसटी क्रमांक यांचेही तेच.

नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षे चालते. नूतनीकरणाला ऑनलाइन 9,000 रुपये प्रतिवर्ग लागतात, तिथे लघुउद्योगाला सवलत नाही. मुदत संपल्यावर सहा महिन्यांपर्यंत जादा शुल्क भरून काम होते. नाव नोंदवहीत आल्यापासून सलग पाच वर्षे वापरलेच नाही, तर त्या नोंदीमुळे ज्याचे हित बाधित होते असा कोणीही ते काढून टाकण्याची मागणी करू शकतो.

अर्जदाराचे नाव-पत्ते सर्वांना पाहता येतात, म्हणून अर्ज भरताच फोन आणि सरकारी थाटाची पत्रे सुरू होतात: अमुक नोंदवहीत प्रसिद्धीसाठी रक्कम भरा, तमुक शुल्क बाकी आहे. जर्नलमधल्या प्रसिद्धीसाठी वेगळे शुल्क नसते. कोणतीही मागणी आली की आधी अर्जाच्या नोंदीत तशी नोटीस दिसते का ते पाहावे आणि सरकारी शुल्क फक्त रजिस्ट्रीच्या ई-फायलिंग पोर्टलवरच भरावे.

आपला,
एक ट्रेडमार्क एजंट