‘समजलं का?’ न विचारणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

तुम्ही शिकवलेली नव्या भरतीतली मुलं आता ड्रिल मशीनवर कुणी शेजारी नसतानाही नीट काम करतात. त्याबद्दल मशीन शॉपमधल्या आम्हा सुपरवायझरांकडून मनापासून आभार.

सगळ्यात मोठे आभार ‘समजलं का?’ हा प्रश्न बंद केल्याबद्दल. त्याला नवा माणूस ‘हो’च म्हणतो. नाही म्हणायला संकोच वाटतो, शिवाय बघताना काम सोपंच दिसतं. तुम्ही तीनदा करून दाखवता: आधी नुसत्या पायऱ्या, मग प्रत्येक पायरीतली खुबी, शेवटी त्या खुबीचं कारण. मग मशीन त्याच्या ताब्यात. त्याने करायचं आणि करता करता तेच तोंडाने सांगायचं. चूक झाली की तुम्ही तिथल्या तिथे थांबवता, म्हणून ती हातात बसत नाही.

पायरी, खुबी आणि कारण अशा तुमच्या तीन रकान्यांच्या कागदातला ‘कारण’ हा रकाना आम्ही आजवर गाळत होतो. जॉब, म्हणजे भोक पाडायचा धातूचा तुकडा, व्हाइसच्या पकडीत घट्ट का धरायचा? भोक आरपार पडताना ड्रिल धातूत अडकतं आणि सुटा जॉब त्याच्याबरोबर गरकन फिरतो. म्हणूनच तिथे दाबही कमी करायचा, नाहीतर ड्रिल तुटतं. चकची, म्हणजे ड्रिल धरणाऱ्या पकडीची, चावी काढल्याशिवाय बटण दाबायचं नाही, कारण ती उडून अंगावर येते. आणि हातमोजे! नव्या माणसाला ते सुरक्षितच वाटतात. फिरत्या ड्रिलमध्ये मोजा अडकला की हात आत ओढला जातो, हे कळलं नसेल तर आपली पाठ वळताच तो मोजे चढवतो. नुसता नियम तिथे टिकत नाही.

ही रीत अमेरिकेत १९४० मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या कार्यक्रमातली. त्यात शिकवणाऱ्यांनाच आधी १० तास शिकवत. चांगल्या कारागिराला शिकवता येईलच असं नाही, हे व्यवस्थापनाला पटवून तुम्ही आमच्यासाठी तेवढा वेळ मिळवलात. फार गरज होती.

अडलं तर कुणाला विचारायचं, ते नाव पहिल्याच दिवशी सांगण्याची तुमची पद्धतही आम्ही उचलली आहे.

लेथचा, म्हणजे जॉब फिरवून कापणाऱ्या मशीनचा, तसाच कागद सोबत जोडला आहे. पायऱ्या आणि खुब्या भरल्या, पण ‘कारण’ रकान्यात चार जागा रिकाम्या राहिल्या आहेत. पुढची तुकडी येण्याआधी आमच्याबरोबर बसून त्या बघाल का?

आपले,
मशीन शॉपमधले सुपरवायझर