बालवाडीत बाईंनी गावं, स्पीकरने नव्हे

संपादक महोदय,

स्नेहसंमेलनं जवळ आली की बालवाड्यांत महिनाभर एकच गाणं स्पीकरवर वाजतं आणि तीन-चार वर्षांची मुलं त्यावर ठरवून दिलेले हातवारे करतात. याला संगीतशिक्षण म्हणू नये. या वयाला हवीत ती रोजची पंधरा मिनिटं, आणि तीही समोर बसून गाणाऱ्या बाईंसोबत. स्पीकर मुलासाठी थांबत नाही, बाई थांबू शकतात.

अडचण बहुतेकदा पट्टीची, म्हणजे गाणं किती उंच स्वरात धरायचं याची असते. या वयाचा गळा पेटीच्या मधल्या सप्तकात साधारण पांढरी दोन ते पांढरी सहा (त्या सप्तकातली दुसरी ते सहावी पांढरी पट्टी) एवढ्यात सहज फिरतो. बाई आपल्या सोयीने खालच्या पट्टीत गातात. तिथे मुलांचा आवाज पोचत नाही, म्हणून ती नुसते शब्द बोलतात. त्यात ‘जोरात म्हणा’ असं सांगितलं की ओरडणं सुरू होतं, आणि कुणावर तरी ‘याला सूरच नाही’ असा शिक्का बसतो. पाच स्वरांत बसणारी गाणी निवडावीत आणि त्यातला सर्वांत खालचा स्वर पांढरी दोनवर धरावा. पेटी नसेल तर मोबाइलवरचा तंबोराही पुरतो.

लयीचंही तसंच. सावकाश टाळी सोपी असेल असं मोठ्यांना वाटतं. पण दोन टाळ्यांमध्ये थांबून राहणं हेच मुलांना जड जातं. मिनिटाला ११०-१२० टाळ्यांच्या आसपास ती रमतात. आधी मूल चालेल त्या पावलावर बाईंनी डफ वाजवावा. बाईंच्या ठेक्यावर मुलाने चालणं ही पुढची पायरी.

शब्दांवर टाळ्या वाजवण्याचा खेळ तर वाचनाची पूर्वतयारीच आहे, कारण त्यातून शब्दाचे तुकडे कानाला कळतात. इथे एक चूक सर्रास होते. ‘कमळ’ लिहिताना तीन अक्षरं, पण म्हणताना ठोके दोनच: क-मळ. ‘भाकरी’ म्हणजे भाक-री. बाई अक्षरागणिक टाळी देतात, मुलाचा कान वेगळंच सांगत असतो आणि ते गोंधळतं. टाळी उच्चाराला द्यावी.

साधनांना खर्च लागत नाही. एकसारख्या सहा लहान बाटल्या घ्याव्यात: दोनांत मोहरी, दोनांत तांदूळ, दोनांत राजमा, प्रत्येकी दोन चमचे. बाटली गच्च भरली तर दाणे हलत नाहीत आणि आवाज दबतो. बाहेरून कागद गुंडाळावा आणि नुसतं ऐकून जोड्या लावायला सांगावं. झाकण डिंकाने चिकटवून वर चिकटपट्टी मारायला विसरू नये. राजम्याचा दाणा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो.

‘मोझार्ट ऐकवा, बाळ हुशार होईल’ या जाहिरातींना पालकांनी भुलू नये. मोझार्टचं संगीत ऐकवून केलेला १९९३चा तो गाजलेला प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता आणि त्यात दिसलेला परिणाम जेमतेम दहा-पंधरा मिनिटं टिकला. बाळांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला आहे. तेव्हा अंगणवाडी सेविका आणि बालवाडी शिक्षिकांच्या प्रशिक्षणात पट्टी धरण्याचा नि ठेका देण्याचा किमान एक दिवस प्रत्यक्ष सराव ठेवावा. गाण्यांच्या चाली तिथेच गाऊन बसवून घ्याव्यात. छापील पुस्तकात शब्द मिळतात, चाल मिळत नाही.

– बालसंगीत प्रशिक्षक, सातारा