आधी आजीच्या ओव्या, मग नवी डिस्क

नागोया, रविवार

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचा निरोप वाचला. लॅपटॉपचं बटण दाबून चहा टाकला, पिऊन कप विसळला, तरी डेस्कटॉप उघडला नव्हता म्हणता. आणि कराडचा दुकानदार म्हणतो, भंगारात द्या, नाहीतर मिनिटाला 7200 फेऱ्यांची फास्ट हार्ड डिस्क टाकून घ्या. बाबा, यातलं काहीच करू नका. माझ्या कॉलेजचा तो 2012 चा लॅपटॉप अजून धडधाकट आहे. थकलीय ती फक्त आतली डिस्क.

पण सगळ्यात आधी त्यात रेकॉर्ड केलेल्या आजीच्या ओव्या. परवा व्हिडिओ कॉलवर मला डिस्कची टकटक इथपर्यंत ऐकू आली. दादाने डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो लावून फोटो पाठवला, त्यात पिवळी खूण आहे. डिस्कवरच्या काही जागा खराब झाल्यात आणि ती राखीव जागा वापरून वेळ मारून नेतेय. आजीचा आवाज दुसरीकडे कुठेच साठवलेला नाही, हे लक्षात आलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. आजच ओव्यांचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, एक प्रत दादाकडे ठेवा. तोवर लॅपटॉप उगाच चालू-बंद करू नका.

आता 7200 का नको ते सांगते. तुम्ही वाचनालयात तीस वर्षं काढलीत, तुम्हाला लगेच पटेल. हार्ड डिस्क म्हणजे एकच शिपाई असलेलं वाचनालय. एक पुस्तक मागा, तो कपाटापर्यंत जाणार, घेऊन येणार, मग दुसरं. आपल्या डिस्कची तबकडी मिनिटाला 5400 वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला साधारण 11 मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, साडेपाच मिलिसेकंद. 7200 च्या डिस्कला त्यासाठी चारेक लागतात. वाचला तो दीड मिलिसेकंद! हेड सरकायला दहा-बारा लागतात, त्यात फारसा फरक पडतच नाही. विंडोज सुरू होताना इकडेतिकडे विखुरलेल्या हजारो लहान फायली वाचते, तेव्हा शिपाई जरा भरभर चालला म्हणून कितीसं भागणार? त्याऐवजी एसएसडी घ्या, म्हणजे चिपांवर माहिती साठवणारा ड्राइव्ह. त्यात तबकडीच नाही. तिथे कुठलीही जागा 0.1 मिलिसेकंदाच्या आसपास हाती येते.

या चिपा माझ्या शेजारच्याच म्हणायच्या. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी 1980 च्या दशकात या चिपांतली फ्लॅश मेमरी शोधली, आणि इथून रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावर योक्काइचीला तिचा मोठा कारखाना आहे. इथल्या ओसू बाजारातून ड्राइव्ह घेऊन पाठवायचा मोह मलाही झाला. पण उद्या बिघडला तर वॉरंटीसाठी तुम्ही कुठे धावणार? तिकडेच घ्या, पक्क्या बिलावर. ऑनलाइन अगदी स्वस्तात 2 टीबी, म्हणजे 2000 जीबी म्हणून विकतात त्यातले बरेच खोटे निघतात, तिकडे बघूही नका.

दुकानात मागायचं ते असं: अडीच इंची साटा एसएसडी. एम.2 नको, ती पट्टी आपल्या लॅपटॉपमध्ये बसत नाही. मापाचं नीट लक्षात ठेवा, 480 जीबी घेऊ नका. आपली जुनी डिस्क 500 जीबीची आहे आणि नक्कल करणारा प्रोग्राम, क्लोनझिला, लहान डिस्कवर जशीच्या तशी नक्कल उतरवायला कुरकुर करतं. 500 किंवा 512 घ्या. नवा ड्राइव्ह 7 मिलिमीटर जाडीचा असतो, जुनी डिस्क साडेनऊची असू शकते. ढिला वाटला तर सोबतची प्लॅस्टिकची चौकट लावा. साटा-यूएसबी केबलही घ्या, म्हणजे नक्कल घरीच होईल.

चिपा झिजतात अशी भीती दुकानदाराने घातली, ती खरी आहे, पण तुमच्या कामापुरती नाही. माझ्या इथल्या जुन्या लॅपटॉपमधल्या 500 जीबीच्या क्रुशल एमएक्स 500 या एसएसडीला 180 टीबी लिहिण्याची हमी आहे. तुम्ही रोज 10 जीबी लिहिलंत, तरी 49 वर्षं पुरेल.

बसवल्यावर डीफ्रॅग, म्हणजे फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं, करायचं नाही. जुनी डिस्क पुसू नका, तारीख लिहून कपाटात ठेवा. विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट ऑक्टोबर 2025 मध्ये थांबले, त्याचं काय करायचं ते मी दिवाळीत आले की बघू. तोवर बँकेचं काम त्यावर नको.

दादा शनिवारी येईल. स्क्रू काढण्याआधी चार्जर काढायला आणि बॅटरी बाहेर घ्यायला त्याला बजावून सांगा, तो घाई करतो. आईला नमस्कार. पेनड्राइव्हवरची पहिली ओवी नीट वाजतेय का, तेवढं आज रात्रीच कळवा. मी जागी आहे.

तुमची,
मनू