बाबा, चूक आपली नव्हती

सोलापूर, ८ ऑगस्ट

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

पुण्याच्या नोकरीला परवा नकार कळवला. फोनवर सांगवेना, म्हणून लिहितेय. आई, लगेच पदर डोळ्याला लावू नकोस, ऑपरेशनचा डोळा आहे.

तुमच्याजवळ यायचं नाही असं नाही गं. दादा-वहिनी तुमचं नीट बघतात, त्या भरवशावरच हे केलं. इथे पगार कमी, तेही खरं. पण यंदा माझ्या एफवायच्या वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलीत. कुणाची आई विड्या वळते, कुणाचे वडील यंत्रमागावर. एक क्रेडिट म्हणजे सत्रात वर्गात शिकवण्याचे १५ तास, एवढं साधंही त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. "समजलं का?" म्हटलं की सगळे माना हलवतात. म्हणून तास संपताना मी बिननावाच्या चिठ्ठ्या घेते. काय समजलं नाही ते त्यात उतरतं. कॉस्टिंगला पुस्तकातला कारखाना सोडून चादरीचा हिशेब घेतला. सूत, रंग, नगावरची मजुरी. मागच्या बाकावरची, कधी न बोलणारी मुलगी उठली. "मॅडम, हजार विड्यांतून काढून टाकलेल्या विड्या कुणाच्या खर्चात धरायच्या?" आई, हे तर तू दर आठवड्याला विचारायचीस!

बाबा, माझ्या बोनाफाईडसाठी तुम्ही अर्धी पाळी बुडवून चपला काढून त्या खिडकीशी उभे होतात. कारकून खेकसला, तर वाटेत म्हणालात, आपलंच काही चुकलं असेल. चूक आपली नव्हती, बाबा. आता शनिवारी मी स्कॉलरशिपचे अर्ज पोरांच्या आईवडिलांना शेजारी बसवून भरते. खुर्ची देऊन.

घराची काळजी नको. पाणी येईल तेव्हा शेजारच्या काकू टाकी भरतात. जेवण वेळेवर होतं, खरंच. रात्री तेवढी आठवण येते. विड्यांचं सूप बाजूला सारून तू माझं डोकं मांडीवर घ्यायचीस, तंबाखूने शिंका यायच्या, तरी झोप तिथेच लागायची.

बाबा, बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. फिरायला एकट्याने रस्ता ओलांडायचा नाही. शेंगाचटणी पाठवतेय, दोन चमचेच. संक्रांतीला गड्ड्यासाठी, सिद्धेश्वराच्या जत्रेला, तुम्हाला न्यायला मी स्वतः येईन, तिकिटं आधीच काढते. आणि आई, डोळ्यातले थेंब संपत आले की दादाला सांग. पुरवून पुरवून घालू नकोस.

तुमची,
छोटी