फडताळावर राहिलेली बाटली

साखळी, गोवा
१२ ऑक्टोबर

चि. बाबूस अनेक उत्तम आशीर्वाद.

चतुर्थी करून तू कळंगूटला परत गेलास. त्यानंतर फडताळ आवरताना तुझ्या आईला दाढीच्या सामानामागे पांढऱ्या झाकणाची एक बाटली सापडली. साठ कॅप्सूलची ती बाटली, त्यांतल्या बावीस उरल्या होत्या. फोनवर विचारले तेव्हा तू म्हणालास, 'लिव्हर साफ करणारी आहे, नॅचरल आहे, काही होत नाही', आणि बोलण्याच्या ओघात हेही सांगून टाकलेस की हॉटेलने जुलैमध्ये केलेल्या तपासणीत तुझे एसजीपीटी ८२ आले होते. ती गोष्ट तीन महिने तू आम्हाला सांगितली नाहीस, याचे मला वाईट वाटले. फोनवर मी काही बोलू लागलो की तू 'हो बाबा' म्हणतोस आणि विषय तिथेच संपतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे. रात्रपाळी संपल्यावर, झोपण्यापूर्वी, एकदा शेवटपर्यंत वाच.

एसजीपीटी हे यकृताच्या पेशींच्या आत असणारे एक विकर आहे. पेशीला इजा झाली की ते रक्तात उतरते, म्हणून अहवालातला आकडा चढतो. बहुतेक प्रयोगशाळा चाळीसच्या आसपास वरची मर्यादा धरतात, त्या मानाने तुझा आकडा दुप्पट आहे. यकृताला कोणीतरी इजा करीत आहे एवढेच हा आकडा सांगतो, कोण करीत आहे ते सांगत नाही. ती चरबी असू शकते, दारू असू शकते, विषाणू असू शकतो, एखादे औषध असू शकते, आणि ही बाटलीही असू शकते. तू ती तपासणीच्या आधी सुरू केलीस की नंतर, हे तुला नक्की आठवत नाही. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील, तेव्हा आठवून ठेव. पैसे ऑनलाइन दिले असशील तर मोबाइलवर तारीख सापडेल.

मी भिंग घेऊन त्या बाटलीवरचे बारीक अक्षर वाचले. एकंदर बारा घटक आहेत. अश्वगंधा, ग्रीन टीचा अर्क, हळदीतले कर्क्युमिन आणि ते अंगी लागावे म्हणून मिरीचा अर्क ही चार नावे मला ओळखता आली. प्रत्येक घटक किती मिलिग्रॅम आहे हे कोठेही लिहिलेले नाही, बाराही घटकांचे मिळून एकच वजन दिले आहे. या चारही गोष्टी आपल्याला घरच्या वाटतात, आणि फसगत तिथेच होते. तुझी आई बांगड्याच्या हुमणात जी हळद घालते तिच्यातले कर्क्युमिन शरीर फारच थोडे शोषून घेते. त्याच हळदीचा दाट अर्क करून त्याला मिरीच्या अर्काची जोड दिली की ते कित्येक पटींनी रक्तात जाते, आणि अशा कॅप्सूल घेणाऱ्या काही माणसांना यकृताला सूज येऊन कावीळ झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. अश्वगंधेच्या अर्काबद्दलही तशाच नोंदी आहेत. ग्रीन टीबद्दल युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले की कपातला चहा सर्वसाधारणपणे सुरक्षित आहे, परंतु पूरक गोळ्यांतून त्यातील मुख्य द्रव्य दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक गेले तर यकृताची विकरे वाढू लागतात. वजन उतरवण्याच्या गोळ्यांत गार्सिनिया नावाचा जो अर्क असतो, तो आपल्या भिरंडांच्या, म्हणजे कोकमांच्याच कुळातल्या झाडाचा. सोलकढी पिऊन कोणाचे यकृत बिघडल्याचे मी आजवर ऐकलेले नाही, त्या अर्काने मात्र बिघडल्याच्या नोंदी आहेत. वनस्पती ओळखीची असली तरी तिचे किती आणि कोणत्या रूपात पोटात जाते, यावर सगळे ठरते.

गुळवेलीचे तुला आठवत असेल. कोविडच्या काळात आपल्या घरी रोज सकाळी तिचा काढा होत असे आणि मी तुम्हा सर्वांना तो आग्रहाने पाजीत असे. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने ते मान्य केले नाही, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद मिटवण्याचा अधिकार माझा नाही. पण कुंपणावरून तोडून आणलेली आपली वेल कोणती होती, हे मलाही खात्रीने सांगता आले नसते, आणि तरीही मी ती मुलांना दिली. आज मी तसे करणार नाही.

यकृत साफ करावे लागते ही कल्पनाच मुळात चुकीची आहे. सुमारे दीड किलो वजनाचा हा अवयव स्वतःच शरीराची सफाई करतो. आतड्यांत शोषले गेलेले बहुतेक सगळे अन्नरस घेऊन रक्त प्रथम यकृताकडेच जाते, म्हणजे तू गिळलेल्या कॅप्सूलची पहिली गाठ त्याच्याशीच पडते. ज्याच्यावर आधीच भार झाला आहे, त्याच्याकडे आणखी बारा अनोळखी द्रव्ये उलगडण्यासाठी पाठवायची, यात मला उपचार दिसत नाही. दूधकाट्याच्या (मिल्क थिसल) बियांतील सिलिमरिन बरेच डॉक्टर लिहून देतात, त्याचा अपाय कमी असला तरी उपयोगाचा पुरावा कच्चा आहे. ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा काही ठरावीक रुग्णांना दिली जाते, तीही तपासण्या करून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दुकानदाराच्या किंवा जिमच्या प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून घेण्याची ती वस्तू नव्हे.

आता माझे स्वतःचे सांगतो, कारण तुला त्यातले अर्धेच ठाऊक आहे. २०२२ साली पोटदुखीसाठी सोनोग्राफी केली तेव्हा माझ्या यकृतात चरबी निघाली, दुसऱ्या श्रेणीची. मी आयुष्यात दारूला शिवलो नाही, म्हणून यकृताचे आजार मला कधीच होणार नाहीत अशी माझी ठाम समजूत होती आणि मी डॉक्टरांशी थोडा वादही घातला. त्यांनी शांतपणे मला दिवसभराचे खाणे विचारले. सकाळी पेज, दुपारी तीन वेळा वाढून घेतलेला उकड्या तांदळाचा भात, रात्री पुन्हा भात, दिवसातून पाच वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा, चार वाजता पातळभाजी आणि पाव, आणि निवृत्तीनंतर सगळा वेळ खुर्चीवर. ऊर्जेला वाट मिळाली नाही की यकृत पिष्ट आणि साखर यांचीच चरबी करून साठवते, हे मला त्या दिवशी कळले. या आजाराला पूर्वी 'दारूविना होणारे' असे नकारार्थी नाव होते, ते २०२३ मध्ये बदलून जगभरच्या तज्ज्ञांनी शरीरातील चयापचयाशी जोडलेले नाव दिले. भारत सरकारने तर २०२१ मध्येच तो मधुमेह, कर्करोग, हृदयरोग यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला होता. आपण समजतो तितका तो परका आजार नाही.

माझे वजन तेव्हा ७८ किलो होते. डॉक्टरांनी सांगितले की शरीराच्या वजनाच्या तीन ते पाच टक्के उतरले तरी यकृतातली चरबी कमी होऊ लागते, सात टक्क्यांच्या पुढे सूज ओसरते, आणि दहा टक्क्यांपर्यंत गेले तर पडू लागलेले व्रणही कित्येकांचे मागे हटतात. मला ७१ वर यायला चौदा महिने लागले. भात एकदाच आणि एकच वेळ वाढलेला, ताटात आधी तांबडी भाजी नाहीतर अळसांद्यांची उसळ, चहा बिनसाखरेचा, आणि रोज सकाळी हरवळ्याच्या रस्त्याने पाऊण तास चालणे, याहून अधिक काही मी केले नाही. पहिल्या महिन्यात बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरत नसे. यकृताचा कडकपणा मोजणारे फायब्रोस्कॅन पहिल्या वेळी ८.४ होते, दुसऱ्या वेळी ६.१ आले. तो कागद हातात घेऊन मी दवाखान्याच्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो होतो.

तुझे वय, तुझे काम आणि तुझे जेवण माझ्याहून वेगळे आहे, म्हणून माझा आहार जसाच्या तसा तुझ्यावर लादत नाही. तुझी अडचण रात्रीची आहे. जागे राहण्यासाठी तू शीतपेय आणि ती एनर्जी ड्रिंक्स पितोस. तीनशे मिलीच्या शीतपेयाच्या एका बाटलीत तीस ग्रॅमहून अधिक, म्हणजे सहा-सात चमचे साखर असते, आणि त्या साखरेतील फ्रुक्टोजचा बहुतांश भार यकृतावरच पडतो. एकच गोष्ट सोडायची असेल तर ही सोड. त्याऐवजी कॉफी घे, बिनदुधाची आणि बिनसाखरेची. दिवसाला दोन-तीन कप कॉफी पिणाऱ्यांत यकृतावर व्रण पडण्याचे प्रमाण कमी आढळले आहे. पहाटे चार वाजता कॅन्टीनचा भात पोटभर खाण्याऐवजी पाळीच्या आधीच नीट जेवून जात जा. पाववाल्या पोदेराकडे पोई मिळेल तेव्हा मैद्याच्या उंड्याऐवजी ती घे, तिच्यात कोंडा असतो. तारले आणि बांगडे हे आपल्याकडचे स्वस्त आणि उत्तम अन्न आहे, फक्त रोज रवा लावून तळू नकोस. कमरेभोवती फीत लावून बघ, पुरुषाला ९० सेंटिमीटर ही आपल्या लोकांची मर्यादा मानतात. आठवड्याला दीडशे मिनिटे भराभर चालणे झाले तर वजन न उतरताही यकृतातली चरबी कमी होते, आणि तुझ्या खोलीपासून समुद्र दहा मिनिटांवर आहे.

दारूविषयी तुझ्याशी मी आजवर मोकळेपणी बोललो नाही. बोलायला हवे होते. धाकट्या काकाच्या शेवटच्या वर्षी तू लहान होतास. काजूच्या हंगामात दुपारी लिंबू पिळून घेतलेल्या हुर्राकापासून, म्हणजे काजूच्या सौम्य दारूपासून त्याचे सुरू झाले आणि पुढे बारा महिन्यांची फेणी झाली. त्याचे हातपाय काटकुळे झाले होते आणि पोट मात्र घागरीसारखे तटतटलेले, त्यावरच्या निळ्या शिरा मोजता येत. दर पंधरा दिवसांनी सुई घालून पोटातले पाणी काढावे लागे, आणि शेवटी रक्ताची उलटी झाली तेव्हा तसराळे मी धरले होते. यकृताच्या आत वेदना कळवणाऱ्या नसा नाहीत, म्हणून इतके होईपर्यंत त्याला काही दुखले नव्हते. तुझ्या कामाच्या जागी दारू चारी बाजूंना असते आणि पर्यटक हातात ग्लास देतात, हे मी जाणतो. तरी हिशेब ऐक. ४२ टक्के मद्यार्काच्या फेणीच्या साठ मिलीत सुमारे वीस ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. कितीही थोडे प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले आहे. एसजीपीटी चढलेल्या माणसाने तर कारण सापडेपर्यंत एक थेंबही घेऊ नये, अशी माझी तुला कळकळीची विनंती आहे.

पाळीनंतर डोके दुखते म्हणून तू पॅरासिटामॉल घेतोस. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला चार ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. दारू घेणाऱ्याने किंवा उपाशी असलेल्याने तिच्या निम्म्यापर्यंतही जाऊ नये. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत तेच औषध असते, तेव्हा दोन्ही मिळून मोज.

आणि एक. तुझ्या दंडावरचे गोंदण मी चतुर्थीला पाहिले. त्यावर मला रागवायचे नाही, पण सुई नवी होती याची खात्री तुला देता आली नाही. हिपॅटायटिस बी आणि सी हे दोन्ही विषाणू रक्तातून पसरतात आणि वर्षानुवर्षे लक्षण दाखवीत नाहीत. तुझा जन्म १९९८ चा, तेव्हा बी ची लस सरकारी लसीकरणात नव्हती आणि आम्हीही ती वेगळी दिली नाही. तुझी दोन्हींची रक्ततपासणी करून घेऊ. बी नसेल तर लस घ्यायची, आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात अशी तीन टोचण्यांची. सी ला लस नाही, परंतु आता बहुतेकांचा तो सुमारे बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. कारण कोणतेही निघो, कामीण (कावीळ) उतरवणाऱ्याकडे जाण्याचा विचार मात्र मनात आणू नकोस.

येत्या गुरुवारी तुझी सुट्टी आहे. बुधवारी रात्री नऊनंतर काही खाऊ नकोस, पाणी चालेल. मी पहिल्या बसने म्हापशाला येतो, साडेआठ वाजता बसस्थानकावर थांब. रक्त तिथेच देऊ आणि त्यानंतर डॉक्टरांकडे जाऊ. जुलैचा अहवाल बरोबर आण, मूळ कागद नसेल तर हॉटेलच्या कार्यालयातून प्रत मागून घे. उरलेल्या बावीस कॅप्सूल आईने टाकून द्यायला घेतल्या होत्या, पण मी त्या बाटलीसकट कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवल्या आहेत, कारण डॉक्टरांना लेबल वाचायचे असेल. रक्त दिल्यावर तुला भूक लागेल म्हणून आई डब्यात मुगाची उसळ आणि दोन पोई देणार आहे.

तुझे
बाबा