काकांच्या घरी जाताना: मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र पोहोचलं. काकांना अर्धांगवायूचा झटका येऊन सहा आठवडे झाले, उजवी बाजू गेली, वाचा गेली, आता ते घरीच अंथरुणावर आहेत, आणि आपल्या चर्चच्या मंडळीने आजाऱ्यांच्या भेटीचं काम तुझ्यावर सोपवलं. तू विचारतोस, ‘प्रार्थना करून उठायचं एवढंच का? आणखी काय करू?’ तुला हे विचारावंसं वाटलं याचाच मला आनंद झाला. उघडा, उपाशी भाऊ समोर असताना त्याला नुसतं ‘सुखाने जा, पोट भरून जेव’ म्हणण्याला काय अर्थ, असं बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात विचारलंय. आजाऱ्याच्या उशाशी ते वचन फार लागू पडतं.

सगळ्यात आधी गर्दीबद्दल. झटका आला त्या आठवड्यात अख्खी मंडळी दवाखान्यात लोटली असेल. घरी आणल्यावर पंधरा दिवस रांग लागली असेल. आता कोणी येत नसेल. असंच होतं, त्यात कोणाचा दुष्टावा नसतो. ज्याला-त्याला वाटतं, मी जाऊन आलो. पण काकूंचं खरं ओझं आत्ता सुरू झालंय. म्हणून तू भेटी वाढवू नकोस, पाळी लाव. सहा घरं निवड आणि प्रत्येकाला आठवड्यातला एक वार दे. रविवार काकूंच्या माहेरच्यांना राहू दे. यरुशलेमच्या मंडळीतही रोजच्या वाटपात काही विधवा सुटत होत्या, म्हणून सात माणसं नेमावी लागली. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय पुन्हा वाच. तिथे प्रेम कमी नव्हतं, व्यवस्था कमी होती.

पलंगाजवळ खिळ्याला एक शंभर पानी वही आणि पेन्सिल टांगून ठेव. कोण आलं, किती वाजता कूस बदलली, काय खाल्लं, शौचाला कधी झाली, कातडीवर काही दिसलं का, एवढंच त्यात लिहायचं. प्रार्थनेचे विषय त्यात नकोत. ही वही डॉक्टरांना दाखवली की त्यांचाही अर्धा वेळ वाचतो.

आता काकू. आजाऱ्याला भेटायला जाणारे बहुतेक जण आजाऱ्यालाच भेटून येतात. रात्री दर २ तासांनी उठून कूस बदलणाऱ्या बाईकडे कोणी बघत नाही. तिला विचार, पण ‘काही लागलं तर सांगा’ असं नको. त्यावर ती ‘काही नको’ म्हणणार, आपल्या बायका तसंच म्हणतात. प्रभूने बार्तीमयाला विचारलं, ‘मी तुझ्यासाठी काय करावं म्हणून तुझी इच्छा आहे?’ आंधळा समोर उभा होता, काय हवं ते उघड होतं, तरी विचारलं. तू विचारताना दोन-तीन ठरलेल्या गोष्टी समोर ठेव. ‘गुरुवारी दुपारी २ ते ५ मी काकांजवळ बसतो. तुम्ही झोपणार, की बँकेत जाऊन येणार?’ असं विचारलं की उत्तर मिळतं. त्या तीन तासांत त्यांना फोन करायचा नाही, म्हणून औषधं, चादरी, डॉक्टरांचा नंबर कुठे आहे ते आधीच बघून ठेव.

आणि चहा. पाळीवर येणाऱ्या प्रत्येकाला बजाव की त्या घरी चहा घ्यायचा नाही. आपल्याकडे चहा न घेता उठणं पाहुण्याला जड जातं आणि न देणं घरच्याला त्याहून जड जातं, म्हणून थर्मास घेऊनच जा आणि काकूंनाही त्यातलाच द्या. डबा नेलात तर भाकरी-भाजी काकूंसाठी आणि मुलांसाठी न्या. काकांसाठी काही करायचं झालं तर मिठाचं आणि साखरेचं पथ्य विचारल्याशिवाय करू नका. रिकामा डबा परत पोहोचवायचं काम त्यांच्या गळ्यात पडू नये. पुढच्या पाळीवाल्याने तो उचलून आणावा.

आता हाताने करायचं काम. हे सविस्तर लिहितो, कारण चुका इथेच होतात.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या हाडांवरच्या कातडीवर सतत भार आला की रक्त पोहोचत नाही आणि जखम होते. माकडहाड, टाचा, कुल्ल्यांची बाजू, कोपर, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू, या जागा रोज बघायच्या. निरोगी कातडी बोटाने दाबून सोडली की क्षणभर फिकी पडून पुन्हा रंगावर येते. दाबूनही लाली हलली नाही तर जखमेची सुरुवात आहे असं धर. सावळ्या अंगावर लाली दिसतेच असं नाही, म्हणून हाताची पाठ लावून बघ. शेजारच्या कातडीपेक्षा ती जागा गरम, टणक किंवा भुसभुशीत लागते. अशा जागी तेल चोळायचं नाही. मायेने चोळतात आणि आतली नाजूक झालेली कातडी आणखी फाटते. ट्यूबसारखी गोल रिंग माकडहाडाखाली द्यायची नाही, तिच्या कडेने उलट दाब वाढतो.

कूस बदलायला दोन माणसं हवीत. खांद्यांपासून मांड्यांपर्यंत पोहोचेल अशी एक चादर दुहेरी घडी करून काकांच्या अंगाखाली आडवी कायम असू दे. दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं, चादरीच्या कडा गुंडाळत अंगापर्यंत आणायच्या, काकांना सांगायचं ‘आता सरकवतो हं’, आणि तिसऱ्या आकड्याला दोघांनी मिळून उचलायचं. ओढायचं नाही. ओढलं की कातडी गादीला चिकटून राहते आणि हाड पुढे सरकतं, जखम तिथेच होते. मग कुशीवर वळवायचं, पण पूर्ण आडव्या कुशीवर नको. पाठीमागे उशी लावून ३० अंशांइतकं कलतं ठेवायचं, म्हणजे कुल्ल्याच्या हाडावर सगळा भार येत नाही. गुडघ्यांच्या मध्ये एक उशी. पोटरीखाली एक उशी अशी, की टाच हवेत राहील. खालून तळहात सरकतो का बघ. सरकला तर बरोबर. लघवीची पिशवी लावलेली असेल तर हे सगळं करताना ती कमरेच्या वर उचलली जाऊ देऊ नका.

लुळा उजवा हात धरून काकांना उठवू नका. बगलेत हात घालूनही नको. त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेत, सांधा निखळतो आणि ती वेदना महिनोन्‌महिने राहते. भेटायला आलेला माणूस प्रेमाने तोच हात ओढून ‘सलाम’ करतो, म्हणून डाव्या बाजूला खुर्ची ठेव.

मंडळी वर्गणी काढून हवेची गादी देणार असेल तर जरूर द्या. फक्त तिच्यावर आजीने शिवलेली गोधडी घालू देऊ नका. वर एकच सुती चादर, सुरकुती नसलेली. जाड गोधडी घातली की गादीचा सगळा उपयोग गेला. वीज गेली की हवा उतरते हेही सांगून ठेव. आणि गादी आली तरी कूस बदलणं थांबत नाही.

आता जेवण, आणि त्यातूनच निघणारा एक नाजूक विषय. झटक्यानंतर गिळणं बिघडू शकतं. पातळ पाणी घट्ट पेजेपेक्षा जास्त धोक्याचं असतं, कारण ते पटकन श्वासनलिकेत उतरतं. भरवायचं ते पाठ सरळ टेकवून, हनुवटी जराशी खाली, लहान चमच्याने, एक घास गिळल्यावरच दुसरा. खाल्ल्यावर अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. घास घेताना खोकला आला, आवाज ओला, घरघरता झाला, की थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. भेटीला येणाऱ्याने कौतुकाने तोंडात केकचा तुकडा घालणं बंद करून टाक.

पाळकसाहेब घरी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकरी आणि द्राक्षरस, द्यायला येतील तेव्हा हे त्यांना आधी सांग. काकांचं गिळणं कसं आहे ते डॉक्टरांना विचारून ठेव. भाकरीचा तुकडा नखाएवढा घ्यायचा, द्राक्षरसात भिजवून मऊ करायचा, आणि काका सरळ बसलेले असताना द्यायचा. डॉक्टरांनी तोंडाने काहीच द्यायचं नाही म्हटलं असेल तर पाळकांनी हात डोक्यावर ठेवून प्रार्थना करावी. काकांना त्या मेजापासून तुटल्यासारखं वाटू नये, एवढंच पाहायचं.

काकांची वाचा गेलीय, पण त्यांना ऐकू येतं आणि बहुधा बरंच कळतंही. माणसं पलंगाशी उभी राहून त्यांच्याच देखत काकूंना विचारतात, ‘ओळखतात का हो?’ हे फार दुखतं. खुर्चीवर बस, डोळ्यांच्या पातळीवर ये. टीव्ही बंद कर. हो किंवा नाही एवढंच उत्तर लागेल असा प्रश्न विचार आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांब. शब्द सापडायला त्यांना वेळ लागतो. तू घाईने वाक्य पूर्ण केलंस की ते पुढच्या वेळी प्रयत्नच करणार नाहीत.

यातली एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा थक्क करते. ज्यांना स्वतःहून ‘पाणी’ एवढा शब्द जुळवता येत नाही, त्यांच्यातल्या कित्येकांना लहानपणापासून पाठ असलेलं भजन शब्दांसकट गाता येतं. बोलणं मेंदूच्या बहुधा डाव्या बाजूला, काकांची तीच बाजू दुखावली. सूर आणि पाठांतर दुसऱ्या वाटेनेही येतं. आपल्या मंडळ्यांत कवी नारायण वामन टिळकांची भजनं तीन-तीन पिढ्यांच्या ओठांवर आहेत, हे भांडार अशा वेळी उघडतं. नवीन गाणं घेऊ नकोस. काकांच्या तरुणपणी उपासनेत म्हटलं जाई ते जुनं भजन घे, हळू लयीत, हवं तर डाव्या हाताच्या बोटांनी त्यांना ठेका धरू दे. पहिल्या ओळीला नुसते ओठ हलतील. दुसऱ्या कडव्यात एखादा शब्द फुटेल. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थनाही अशीच म्हण, शब्द ओढून न नेता. तेविसावं स्तोत्र ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ इथपर्यंत म्हणून थांब आणि बघ. नाही आलं तर निराश चेहरा करू नकोस, पुढच्या आठवड्यात पुन्हा म्हण.

प्रार्थना लहान असू दे, दोन-तीन मिनिटांची. पाळीचे तास सोडले तर भेट १५-२० मिनिटांच्या वर नको, आणि एका वेळी दोघांहून जास्त नको. सर्दी-ताप असलेल्याने जायचं नाही. आत गेल्यावर आधी साबणाने हात धुवायचे.

काय बोलायचं नाही, तेही सांगतो. ‘विश्वास कमी पडला’, ‘घरात काही पाप असेल’, हे त्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये. जन्मांधाबद्दल शिष्यांनी नेमकं हेच विचारलं होतं आणि प्रभूने ते तिथेच खोडलं, योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय बघ. संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस जमिनीवर गप्प बसले तोपर्यंत चांगले मित्र होते. बोलायला लागले आणि बिघडलं. आणि कोणी प्रार्थना करून ‘आता गोळ्या सोडा’ म्हणत असेल तर त्याला तू स्वतः, शांतपणे, पण ठामपणे थांबव. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद केली की दुसऱ्या झटक्याचा धोका वाढतो. औषध आणि प्रार्थना यांचं भांडण नाही. मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली उभं केलं ते विश्वास होता म्हणूनच. प्रभूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्यानेही वाटेत पडलेल्या परक्या माणसाच्या जखमेवर आधी तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्टी बांधली, उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार मोजून दिले आणि ‘परत येईन तेव्हा उरलेलं देईन’ म्हणाला. मला त्यातलं ते परत येणं सगळ्यात मोलाचं वाटतं.

पैशाचं थोडक्यात. मदत जमली तर दोघांनी मिळून मोजा, नोंद ठेवा आणि शक्यतो औषधाच्या दुकानात थेट भरा. उपासनेत आकडा जाहीर करू नका. काकांचा फोटो, ‘अंथरुणात शौचाला होते’ असल्या गोष्टी मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘प्रार्थनेसाठी’ म्हणूनसुद्धा जाता कामा नयेत. मंडळीतल्या एखाद्या कागदपत्रांत हुशार मुलाला दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी एवढंच काम दे. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन खेटे घालणं हीसुद्धा सेवाच आहे, आणि ते काकूंना एकटीने जमणार नाही.

शेवटचं. तू लिहिलंस की त्याच गल्लीत एका हिंदू घरी आजी अशाच पडून आहेत आणि त्यांची सून मदत मागते आहे. जा. चादरीने उचलायला शिकव, टाचेखालची उशी दाखव. त्यांनी मागितल्याशिवाय प्रार्थना करू नकोस, धर्मप्रचाराची पत्रिका ठेवून येऊ नकोस. माणूस असहाय असताना त्याच्यापुढे असं काही ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. शोमरोन्याने त्या जखमी माणसाला काही विचारलं नव्हतं.

वहिनींना सलाम सांग. त्यांनी आईची शुश्रूषा केली आहे, चादरीचं काम त्यांच्याकडूनच शिकवून घे. सहा घरांची नावं ठरली की कळव. पहिली दोन तरुण जोडपी घे, उचलायला अंगात जोर लागतो. आणि गुरुवारी जाशील तेव्हा आधी टाचा बघ, सहा आठवड्यांत तिथे काहीतरी सुरू झालं असण्याची शक्यता आहे.

तुझाच,
मित्र